पैशाची कोंडी, मनाचे दुखणे

चीनमध्ये पगार जोडीदाराच्या हाती देण्याची रीत अनेक घरांत आहे. विश्वासाने दिला तर तो संसार. पण स्वतःच्या औषधालाही दहा युआन मागावे लागत असतील, नोकरी सोडायला लावली जात असेल, परस्पर आपल्या नावावर कर्ज काढले जात असेल, तर तो छळच. त्याचे वळ अंगावर उठत नाहीत. झोप उडते, धास्ती बसते, नैराश्य येते.

तेथील २०१६ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात शारीरिक व मानसिक छळ आहे. आर्थिक छळाचे नाव नाही. भारताच्या २००५ च्या कायद्यात ते आहे. चीननेही ते घालावे. तोवर तेथील डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहिण्यापूर्वी एवढे तरी विचारावे: घरात तुमच्या हाती पैसा असतो का?