नुसती नावे म्हणजे वंशवृक्ष नव्हे

घराण्याचा इतिहास लिहायला सांगितला की पुष्कळ मुले पूर्वजांच्या नावांची यादी करून आणतात. माझ्या मते ही यादी कितीही लांब असली तरी तो इतिहास नव्हे; कारण त्या नावांपासून तुमच्यापर्यंत येणारी वाट तीत दिसत नाही.

'आजोबा' हाच शब्द घ्या. वडिलांचे वडील आजोबा, आईचे वडीलही आजोबा आणि त्यांचे भाऊ तेही आजोबाच! म्हणून नाते फोडून लिहावे : 'माझ्या आईच्या वडिलांची आई'. मागे जाताना दर पिढीला पूर्वजांच्या जागा दुप्पट होतात : २, ४, ८, १६, ३२. केवळ बापाकडची ओळ लिहिली, तर पाचव्या पिढीतल्या ३२ पैकी एकच जागा भरते.

प्रत्येक दुव्याला पुरावाही हवा. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला आणि चंद्रपूरला पूर्वी चांदा म्हणत. तेव्हा पणजोबांच्या कागदावर 'चांदा', आईच्या दाखल्यावर 'चंद्रपूर' आणि तुमच्या दाखल्यावर 'गडचिरोली' असेल, तर घराणे जिल्हे बदलत फिरले असे समजू नका. गाव कदाचित जागच्या जागीच असेल! आजीला जन्माचे साल आठवत नसेल, तर चिमूरच्या लढ्याच्या आधीचा की नंतरचा, ते विचारा. तो लढा १९४२ चा.

ही निव्वळ हौस नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार, अनुसूचित जमातींत न मोडणाऱ्या पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. वंशावळ, वृद्धांचे लेखी निवेदन, जुनी विहीर, दफनभूमी हे सारे पुरावे नियमांत धरले आहेत. मधला एक दुवा निसटला, तर पणजोबांचे नाव असूनही ते आपलेच, हे कसे दाखवणार?

कोणी म्हणेल, एवढे पुरावे आणायचे कोठून? नसतील तेथे 'खात्री नाही' असे सरळ लिहावे. खोट्या दुव्यापेक्षा रिकामी जागा बरी; ती उद्या कोणी भरू शकेल.

माडिया गोंड मृतांच्या स्मरणार्थ दगड उभे करतात. दगड कोणाचा आणि तो आपला कोण, हे सांगणारे म्हातारे माणूस गेले की तो नुसता दगड उरतो. म्हणून येत्या सुट्टीत वही घेऊन आधी आजीजवळ बसा.