टोलनाक्यावरचा आर्किटेक्ट

मुंबईहून आलेला महामार्ग पळस्पे फाट्यावर फुटतो. एक वाट पुण्याला जाते, दुसरी पेणवरून गोव्याला, आणि न्हावाशेवा बंदरातून कंटेनर घेऊन निघालेले ट्रेलर इथेच येऊन मिसळतात. यातली पुण्याची गाडी द्रुतगती मार्गाला लागून खालापूरच्या टोलनाक्यावर पोचते, काचेवरचा फास्टॅग वाचला जातो आणि दांडा वर होतो. तेवढ्या वेळात नाक्याने बँकेला विचारून घेतलं, असं चालकाला वाटतं. प्रत्यक्षात बँकेला तेव्हा पत्ताही नसतो. अडवायच्या टॅगांची यादी नाक्यावरच्या यंत्रणेकडे आधीच येऊन पडलेली असते आणि ती वेळोवेळी ताजी होत राहते. नाका ती यादी पाहून गाडी सोडतो. पैशांचा हिशोब मागाहून नाक्याची बँक, बँकांमधले व्यवहार जुळवणारी एनपीसीआय ही संस्था आणि टॅग देणारी बँक आपसात करतात.

हे कुणीतरी ठरवलेलं आहे. बँकेशी जोडणी तुटली म्हणून घाटाखाली गाड्यांची रांग लागू नये, त्यापायी एखाद्या टॅगची वसुली अवघड गेली तरी चालेल, असा तो सौदा आहे. असे सौदे करणाऱ्या माणसाला सॉफ्टवेअर आर्किटेक्ट म्हणतात.

मराठी घरात ‘मुलगा आयटीत आहे’ म्हटलं की पुढचा प्रश्न पगाराचा किंवा परदेशाचा. त्यानंतरचा, ‘मॅनेजर कधी होणार?’ आर्किटेक्ट ही पायरी कुणाच्या हिशोबात नसते. लग्नाच्या बायोडेटात तर ती समजावूनच सांगावी लागते.

या पेशाचं कसब पाहायचं तर आधारकडे पाहावं. पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. या यंत्रणेचे मुख्य आर्किटेक्ट प्रमोद वर्मा हे आधी कंपन्यांसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये मुरलेले होते. आधारच्या आखणीत काय घेतलं यापेक्षा काय गाळलं ते अधिक बोलकं आहे. नाव, जन्मतारीख, लिंग आणि पत्ता एवढीच मूलभूत माहिती सक्तीची. जात, धर्म, उत्पन्न यांना रकानाच नाही. बारा आकड्यांत राज्य किंवा जिल्हा लपलेला नाही. शेवटचा आकडा तेवढा आधीच्या अकरांवरून काढलेला, म्हणजे लिहिताना झालेली चूक पकडता यावी. सरकारी फॉर्मला एखादा रकाना वाढवायचा मोह किती असतो, हे तलाठी कार्यालयात जाऊन आलेल्या कुणालाही ठाऊक आहे. तो मोह आवरणं हेच तिथलं मोठं काम होतं. आधारच्या वापरावर पुढे रास्त आक्षेप आले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पण निदान वाद घालता येईल इतकी ती आखणी स्पष्ट होती.

उलट उदाहरणही दूरचं नाही. पळस्प्याजवळच्या पनवेलची महाविद्यालयं ज्या मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली आहेत, त्याने 2017 च्या उन्हाळ्यात सगळ्या शाखांच्या उत्तरपत्रिका एकदम पडद्यावर तपासायला घेतल्या. सुमारे 17 लाख उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, प्राध्यापकांपर्यंत पोचवायच्या, गुण गोळा करायचे. कुलपतींनी दिलेली 31 जुलैची मुदत हुकली, परदेशी प्रवेश घेतलेली मुलं हवालदिल झाली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. कुलगुरूंचं नाव सगळ्यांना कळलं. एकाच हंगामात सगळं बदलायचं, ही आखणी तांत्रिक बाजूने कुणी मान्य केली, ते मात्र फारसं चर्चेत आलं नाही.

सॉफ्टवेअर बांधून देणाऱ्या सल्लागार कंपन्यांचा धंदा अजूनही बराचसा माणसं गुणिले महिने या हिशोबावर चालतो. त्यात आर्किटेक्ट अनेकदा निविदेच्या वेळी दिसतो. चौकोन आणि बाण काढलेल्या स्लाइड दाखवतो, शंकांना उत्तरं देतो आणि काम मिळालं की पुढच्या निविदेला जातो. बांधणी दुसरेच करतात, बिघाडाचे फोन तिसऱ्यालाच येतात. आपण केलेला सौदा तीन वर्षांनी, गर्दीच्या रात्री कसा फसला, हे त्याला बघायलाच मिळत नाही. मग तो शिकणार कुठून? वीस वर्षांच्या अनुभवात एकाच वर्षाचा अनुभव वीसदा आला, असंही होतं.

पळस्प्याहून जुन्या महामार्गाने थोडं पुढे भोकरपाड्याला योट्टा कंपनीचं डेटा सेंटर 2020 मध्ये सुरू झालं. अशा इमारतीत वीज, थंडावा, जोडण्या सगळ्यांना पर्याय ठेवलेला असतो. एक बंद पडलं तर दुसरं उभं. आत चालणारं सॉफ्टवेअर चुकीचं आखलेलं असेल तर एवढा खर्च करूनही ते चोवीस तास चुकीचंच चालेल. इमारत बांधणाऱ्या वास्तुविशारदाला आराखड्यावर सही करावी लागते. सॉफ्टवेअरवाल्याकडून तशी सही मागायला राज्य सरकारला आणि विद्यापीठांना कुणी अडवलेलं नाही: निविदेत मुख्य आर्किटेक्टचं नाव असावं, मोठे निर्णय का घेतले याची नोंद त्याने ठेवावी आणि यंत्रणा सुरू झाल्यावर निदान दोन वर्षं तो त्या कामाला बांधील राहावा. यासाठी कंपन्या दर वाढवून मागतील. ते पैसे द्यावेत.