दिव्यांचे वाक्य: पाटी की कलाकृती?

दिव्यांनी लिहिलेले वाक्य ही कला नव्हे, ती पाटी. चित्र जमेना की चित्रकार शब्दांच्या आडोशाला जातो, असे ठासून सांगणारे पुष्कळ आहेत. कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीत राहणाऱ्याला हा आक्षेप चटकन पटतो. शेजारीच गांधीनगरची कापडपेठ. दिवेलागणीला तिथे साड्या, सूटिंग, होलसेल अशी अक्षरे लखलखू लागतात. (त्यांना निऑन म्हणतात, पण हल्ली बहुधा ती सिलिकॉनच्या पट्टीतली एलईडी असते, निऑन वायू त्यात नावालाही नसतो.) मग यालाही कला म्हणायचे?

मुळीच नाही. पाटीला उजेड लागतो तो अंधारात दिसण्यापुरता. तोच मजकूर ब्रशने रंगवला तरी अर्थात तसूभर फरक पडत नाही. आता चित्रकार जितीश कल्लाट यांचे ‘पब्लिक नोटिस ३’ बघा. २०१० साली शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये जिन्याच्या ११८ पायऱ्यांवर त्यांनी विवेकानंदांचे ११ सप्टेंबर १८९३चे भाषण दिव्यांत उतरवले. ते भाषण ज्या सर्वधर्म परिषदेत झाले, ती भरली होती याच इमारतीत. दिव्यांचे रंग पाच, आणि तेही अमेरिकी सरकार दहशतवादी हल्ल्याचा धोका दाखवायला वापरत होते तेच. धर्मांधता संपावी म्हणणारे शब्द धोक्याच्या रंगांत, वर तारीख ११ सप्टेंबर! पुस्तकात तेच भाषण वाचून हा चटका बसत नाही. रंग काढा, जागा बदला; भाषण उरेल, कलाकृती उरणार नाही.

दिव्यांत वाक्य लिहिणे हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, असा दुसरा आक्षेप. जॉर्ज क्लोद यांनी निऑनच्या नळ्या १९१० साली पॅरिसमध्ये झळकवल्या आणि जोसेफ कोसुथ यांनी १९६५च्या सुमारास त्यांतून शब्दांची कला केली, हे खरेच. पण सिनेमाचा कॅमेराही तिकडचाच होता. बाबूराव पेंटरांनी तो कोल्हापुरात घडवला आणि १९२०मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्याला उसनवारी म्हणायची कुणाची छाती आहे?

चौकाचौकांत उभ्या राहणाऱ्या ‘आय लव्ह अमुक’ची वकिली मात्र मी करणार नाही. तिथे गावाचे नाव बदलले तरी काही बिघडत नाही. म्हणून ती पाटीच. ग्रामपंचायतींनी आणि नगरपालिकांनी त्यावर घालवायचा पैसा कोल्हापूरच्या कलाशाळांतल्या मुलांना द्यावा आणि त्यांच्याकडून मराठी वाक्य मागावे, त्या एकाच जागी शोभणारे.