मुलींच्या हातीं हें पुस्तक द्यावें काय?

परभणी जिल्ह्यांतील एका सुशिक्षित कुटुंबांतून आम्हांस अशी पृच्छा आली आहे कीं, बलात्कारासारख्या अत्याचारांतून सावरणाऱ्या मुलीची कादंबरी १६-१७ वर्षांच्या कन्येनें वाचावी काय. घरांत दोन तट पडले आहेत; आजोबांच्या मतें असला विषय उंबरठ्याच्या आंत येऊंच नये. आमचें मत असें कीं, अवश्य वाचावी; मात्र पुस्तक कोणतें, हें पाहून.

विषय बाहेर ठेवूं म्हणणारांनीं आपल्याच धर्मशास्त्राचीं पानें चाळावीं. वसिष्ठ धर्मसूत्राच्या २८ व्या अध्यायांत, जिच्यावर बळजबरी झाली किंवा जी चोरांच्या हातीं सांपडली, अशा स्त्रीचा त्याग करूं नये, असें स्पष्ट सांगितलें आहे. सूत्रकारांस जें उमगलें तें आमच्या माजघरांस उमगलें नाहीं. अहल्येचेंच पाहा. कीर्तनांत आपण ऐकतों ती शिळेची कथा. वाल्मीकींच्या बालकांडांत ती शिळा होतच नाहीं. कोणास न दिसतां, भस्मांत पडून, वायुभक्षण करून ती राहते, आणि राम-लक्ष्मण येतात तेव्हां तेच तिचे पाय धरतात! तिच्या संमतीविषयीं बालकांड व उत्तरकांड यांत एकवाक्यता नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु धाकट्यांनीं वाकून केलेला तो नमस्कार कीर्तनांतून गळावा आणि चरणस्पर्शानें झालेला उद्धार तेवढा उरावा, हें आम्हांस सूचक वाटतें.

मराठी लेखकांनीं स्त्रीचें दुःख मांडलें नाहीं असें नाहीं. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्ष्यांत कोण घेतो' ही कादंबरी 'करमणूक' पत्रांतून येऊन १८९३ सालीं ग्रंथरूप झाली. तींतील यमूचें बळेंच केलेलें केशवपन हाही देहावरील अत्याचारच होय. पण यमू सावरत नाहीं, ती मरते. पुढें गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत जयवंत दळवी यांचें 'पुरुष' नाटक आलें. त्यांत एका शिक्षकाची कन्या अंबिका पुढाऱ्याच्या अत्याचारास बळी पडते, आणि शेवट सूडाचा होतो. रंगभूमीवर तो परिणामकारक ठरला, यांत वाद नाहीं. परंतु मरण आणि सूड यांच्या मध्यें जें दीर्घ आयुष्य उरतें, ज्यांत सकाळीं उठून वेणी घालावयाची व शाळेंत जावयाचें असतें, त्याची गोष्ट कोणी सांगावयाची?

ती लॉरी हाल्स अँडरसन या अमेरिकन लेखिकेनें 'स्पीक' या १९९९ सालच्या कादंबरींत सांगितली आहे. 'स्पीक' म्हणजे 'बोल'. मेलिंडा ही नववीची मुलगी. सुटींतील एका मेजवानींत तिच्यावर अत्याचार होतो. ती पोलिसांस बोलावते, पण घडलेलें सांगूं शकत नाहीं. मेजवानी उधळली म्हणून मैत्रिणी तिला वाळींत टाकतात, आणि ती हळूहळू बोलेनाशी होते. आईबापांस गुण घसरलेले तेवढे दिसतात. चित्रकलेचे शिक्षक मात्र वर्षभर तिला एकच विषय देतात, झाड. ते खोदून विचारीत नाहींत. चित्र बिघडलें तर पुन्हां काढावयास सांगतात. आमच्या शिक्षकवर्गानें हीं पानें सावकाश वाचावीं. गप्प झालेल्या मुलीस 'अभ्यास कर' म्हणणें फार सोपें असतें. अखेरीस तोच मुलगा तिला पुन्हां गांठतो, तेव्हां ती ओरडते, आणि शाळेच्या खेळांतील मुली धांवून येतात. अत्याचाराचें वर्णन चवीनें केलेलें नाहीं. पुस्तक निवडतांना आम्ही हेंच पाहतों: घडलेल्या प्रसंगाला किती पानें, आणि नंतरच्या दिवसांना किती.

पोक्सो नांवाच्या २०१२ च्या कायद्यानेंही हा आधार ओळखला आहे. १८ वर्षांखालील बालकाचा जबाब त्याच्या घरीं किंवा त्यास रुचेल तेथें घ्यावयाचा. पोलीस अधिकारी गणवेशांत नसावा. नांव छापतां येत नाहीं. आणि जबाबाच्या वेळीं आईबाप अथवा ज्यावर बालकाचा विश्वास आहे अशी व्यक्ति जवळ असावी लागते. ती व्यक्ति आजी असली तरी कायद्याची हरकत नाहीं. मदतीसाठीं १०९८ हा दूरध्वनि क्रमांक घरांतील मुलांस पाठ असावा.

पृच्छा करणाऱ्या घरच्या आजोबांनीं 'स्पीक' आधीं स्वतः वाचावी. इंग्रजी सोपें, मॅट्रिकच्या विद्यार्थ्यास झेपेल असें आहे, आणि पुस्तक लहान. दोन-तीन दुपारींत संपतें.