गजकर्ण, मलम आणि राजपत्र

संसदेच्या शून्य प्रहरात डेंग्यू, हिवताप, क्षयरोग यांना जागा मिळते. गजकर्णाला मिळत नाही. जीव न घेणाऱ्या आजाराचे हे राजकीय दुर्दैव. वस्तुतः गेल्या दशकभरात त्वचारोगतज्ज्ञांची तक्रार एकच आहे : पूर्वी काही आठवड्यांत आटोक्यात येणारे गजकर्ण आता महिनोन्‌महिने हटत नाही, घरातल्या सर्वांना होते आणि टर्बिनाफिनलाही अनेकदा जुमानत नाही. या हट्टी बुरशीला २०२० मध्ये जे शास्त्रीय नाव मिळाले, त्यातच भारताचा निर्देश आहे : ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. मिरवावा असा हा बहुमान नव्हे.

तज्ज्ञांचे बोट प्रामुख्याने स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक यांची खिचडी असलेल्या मलमांकडे आहे. खाज दोन दिवसांत थांबते. पण त्वचेची प्रतिकारशक्ती दबून बुरशी पसरतच राहते. सरकारला हे ठाऊक नव्हते असे नाही. मार्च २०१६ मध्ये केंद्राने ३४४ संमिश्र औषधांवर बंदी घातली, त्यांत अशी मलमेही होती. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ती रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, फेरतपासणी झाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ औषधांवर नव्याने बंदी आली. स्टेरॉइडयुक्त मलमांना चिठ्ठीच्या सक्तीतून सूट देणारी अनुसूची ‘एच’मधील पळवाटही त्याच वर्षी बुजविण्यात आली.

तथापि राजपत्र दिल्लीत निघते. दुकानाचा परवाना आणि तपासणी राज्यांकडे. आणि ग्राहकाचे काय? सरकारी वसाहतीत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना केंद्राच्या आरोग्य योजनेचा दवाखाना आहे. त्याच वसाहतीच्या फाटकावरचा पहारेकरी एका खाजेसाठी दिवसाचा रोज बुडवून रुग्णालयाच्या रांगेत का उभा राहील? औषध दुकानदार हाच त्याचा डॉक्टर. चिठ्ठी सक्तीची झाली, पण ती लिहिणारा त्याच्या आवाक्यात आणला गेला नाही.

खरजेचेही तेच. एका खोलीत पाच माणसे झोपत असतील, तर पर्मेथ्रिन पाचही जणांना एकाच दिवशी लावावे लागते आणि आठवड्याभराने पुन्हा. एकच ट्यूब हाती ठेवणे म्हणजे औषध वाया घालविणे. क्लोट्रिमॅझोल आणि पर्मेथ्रिन दोन्ही अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत. ती किती प्राथमिक आरोग्य केंद्रांत वर्षभर, कुटुंबाला पुरतील इतकी मिळतात, हा तारांकित प्रश्न विचारण्यास कोणत्याही पक्षाचा व्हिप आड येत नाही.