कालपेक्षा १५ ग्रॅम जास्त!

लोक सकाळी सेन्सेक्स बघतात, मी ग्रॅम बघतो. तिसाव्या आठवड्यातच टपकलेली आमची जुळी आज बारा दिवसांची झाली. धाकटी ११६० ग्रॅम, कालपेक्षा १५ जास्त! थोरला मात्र जैसे थे. वर रात्री दोनदा श्वास घ्यायलाच विसरला. त्यासाठी त्याला औषध म्हणून चक्क कॅफिन देतात, बरं का! तरीही विसरला, तर सिस्टर तळपायाला टिचकी मारतात, की साहेब पुन्हा सुरू. दर दोन तासांनी नळीतून १० मिली दूध.

आज बायकोने पहिल्यांदा त्याला उघड्या छातीशी धरलं. कांगारू केअर. १९७८ मध्ये बोगोटात इन्क्युबेटर पुरेनात, तेव्हा निघालेली युक्ती. मी आपला मॉनिटरवरच्या आकड्यांकडे बघत उभा.

"अरे, त्याच्याकडे बघ ना," ती म्हणाली.