पर्यटक मुक्कामाला राहिला, तरच बाजारात पैसा राहील

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यापैकी रायगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे पाच किल्ले एकट्या कोकणात आहेत. मुरूडचा जंजिरा या यादीत नाही, पण त्याला यादीची गरजही नाही. राजपुरीच्या धक्क्यावर सुट्टीच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. मार्च २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो बोट सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि मुंबईचा माणूस रायगड जिल्ह्याच्या आणखी जवळ आला. कोकणच्या व्यापारी व कारागीर वर्गाने या घडामोडींचे स्वागत केले, ते योग्यच आहे. परंतु ज्या रस्त्याने पर्यटक लवकर येतो, त्याच रस्त्याने तो लवकर परतही जातो. म्हणून किती पर्यटक आले याच्या जोडीने त्यातले रात्री किती राहिले, हा प्रश्न आपल्या बाजारपेठांनी स्वतःला विचारला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

या किनाऱ्यावर माणसाने चार दिवस राहावे इतके पाहण्यासारखे आहे. रेवदंड्याला पोर्तुगीजांचा कोट आहे आणि पलीकडच्या कोर्लई गावात आजही पोर्तुगीजमिश्रित बोली बोलली जाते. काशीदची पांढरी वाळू प्रसिद्ध आहे. त्यामागे फणसाडचे जंगल आहे. हे एके काळी जंजिऱ्याच्या नबाबांचे शिकारीचे रान होते, १९८६ पासून ते अभयारण्य आहे. पहाटे वाटाड्याबरोबर पायी गेल्यास तेथे शेकरू दिसू शकतो. पुढे मुरूड व राजपुरी. जंजिऱ्याची होडी अगदी जवळ जाईपर्यंत किल्ल्याचा दरवाजा दिसत नाही, हा अनुभव लहान मुलेही विसरत नाहीत. आत गोड्या पाण्याचे तलाव आहेत, कलालबांगडीसारखी प्रचंड तोफ आहे. पण राजपुरीजवळच खोकरी येथे सिद्दी सरदारांच्या घुमटाच्या दगडी कबरी आहेत, समुद्रात समोरच शिवाजी महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग आहे, याकडे मात्र दहातले नऊ पर्यटक पाठ फिरवून निघून जातात. त्यांना कोणी सांगतच नाही.

आगरदांड्याहून खाडी ओलांडली की दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याहून सावित्रीची खाडी ओलांडली की बाणकोटचा किल्ला आणि वेळास. मग केळशीचा याकूबबाबांचा दर्गा, आंजर्ले, हर्णैचा मासळीचा लिलाव आणि समुद्रातला सुवर्णदुर्ग. दापोलीच्या किनाऱ्यावरून सकाळी डॉल्फिन पाहायला होड्या जातात. दाभोळला खाडीकाठी आदिलशाही काळातील देखणी मशीद आहे, लोक तिला अंडा मशीद म्हणतात. एवढे सगळे एका दिवसात पाहणे शक्य नाही, आणि व्यापाऱ्याच्या दृष्टीने मोलाची गोष्ट नेमकी हीच आहे.

दोन तासांचा पाहुणा आणि दोन दिवसांचा पाहुणा

जो पर्यटक सकाळी येऊन संध्याकाळी परततो, तो गावात काय ठेवून जातो? गाडी उभी करण्याचे पैसे, होडीचे तिकीट, एक शहाळे, फार तर एक जेवण. कचरा मात्र तो पूर्ण ठेवून जातो. तोच पर्यटक कुटुंबासह रात्री राहिला की खोलीचे भाडे येते, रात्रीचे कालवण आणि तांदळाची भाकरी लागते, सकाळी घावन आणि चहा लागतो. दूधवाला, मासळीवाली, बेकरी, धोबी, रिक्षावाला, पंक्चरवाला या सर्वांच्या हाती थोडेथोडे पडते. जाताना तो आमसुले, कोकम सरबत, सुकी मासळी, सुपारी, मसाला बांधून नेतो. खरेदी ही सवडीची गोष्ट आहे. परतीच्या बोटीची घाई असलेला माणूस दुकानात शिरत नाही.

हे केवळ आमचे म्हणणे नाही. मंडणगड तालुक्यातील वेळासचे उदाहरण सर्वांसमोर आहे. तेथे २००२ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे रक्षण सुरू केले. पूर्वी ही अंडी चोरीला जात. पुढे पिल्ले समुद्रात सोडण्याचा सोहळा पाहण्यासाठी लोक येऊ लागले. पिल्ले बाहेर येण्याची वेळ पहाटेची किंवा संध्याकाळची, त्यामुळे पाहुण्याला मुक्काम करावाच लागतो. गावात मोठे हॉटेल नव्हते. गावकऱ्यांनी आपल्याच घरात पाहुणे ठेवले आणि घरचे साधे जेवण दिले. लोकांनी तक्रार केली नाही, उलट दरवर्षी येऊ लागले. कासव समुद्रात गेले तरी त्याच्यामुळे आलेला पैसा गावात राहिला. वेळासने भांडवल फारसे घातले नाही. पाहुण्याला थांबण्याचे कारण मात्र दिले.

कुलूप लागलेली घरे

आता आपल्या वस्त्यांकडे पाहू या. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली, खेड या तालुक्यांतील किती मोहल्ल्यांत मोठमोठी घरे वर्षातले अकरा महिने बंद असतात! कुटुंब मुंबईत, आखातात, इंग्लंडमध्ये किंवा दक्षिण आफ्रिकेत. परदेशी कमावलेल्या पैशाने बांधलेले घर उन्हाळ्यात किंवा लग्नसराईत उघडते आणि पुन्हा बंद होते. दरम्यान छप्पर गळते, लाकडाला वाळवी लागते आणि देखभालीचा खर्च परदेशातून पाठवावा लागतो. अशा घराची दोन खोल्यांची बाजू स्वच्छ करून, स्वतंत्र दरवाजा व स्वतंत्र न्हाणीघर देऊन पाहुण्यांसाठी ठेवली, तर घर सांभाळले जाईल आणि गावात राहिलेल्या भावाला किंवा पुतण्याला रोजगारही मिळेल. निवास व न्याहारी योजना यासाठीच आहे. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेतही स्थानिक रहिवाशांनी आपल्या असलेल्या घरात पाहुणे ठेवण्यास वाव दिला आहे. किनाऱ्यावर परवानगीशिवाय नवे बांधकाम करून नंतर पाडकामाच्या नोटिसा घेत बसण्यापेक्षा हा मार्ग शहाणपणाचा आहे.

यावर एक आक्षेप आमच्या कानावर नेहमी येतो. परक्या लोकांना घरात कसे ठेवायचे? दारू पिऊन धिंगाणा घातला तर? घरातल्या बायका-मुलींच्या पडद्याचे काय? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण उपाय आपल्याच हातात आहे. फक्त कुटुंबांना खोली द्यावी, दारूला मनाई असल्याचे आगाऊ फोनवर सांगावे आणि पाटीवरही लिहावे. नियम पाळणारा पाहुणा येतो, बाकीचे दुसरीकडे जातात आणि त्यात आपले नुकसान नाही. मुले बरोबर असलेली कितीतरी कुटुंबे अशी शांत जागा शोधतच असतात. हलाल जेवण व नमाजाची सोय असलेली जागा हवी असणारे प्रवासीही मुंबई, पुणे, हैदराबादहून निघतात आणि कोकणात कोठे उतरावे हे त्यांना माहीत नसते. शिवाय आपल्या घरांतील सांदण, मालपुवे, नारळाच्या दुधातले कालवण हे पदार्थ आज लग्नकार्यातच दिसतात. हॉटेलांच्या पाटीवर मात्र पंजाबी आणि चायनीज! पाहुणा कोकणात कोकणचे खायला येतो, हे आपल्या हॉटेलवाल्या बंधूंना सांगावे लागते याचे आश्चर्य वाटते.

कारागिरांचा वाटा

पर्यटन म्हणजे हॉटेलवाल्याचा धंदा, असे समजून आपले कारागीर गप्प बसतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. एक खोली पाहुण्यासाठी तयार करायची तर गवंडी, सुतार, नळवाला, वायरमन, रंगारी, गादीवाला आणि पडदे शिवणारा शिंपी एवढे हात लागतात, आणि दर पावसाळ्यानंतर पुन्हा लागतात. होडी बांधणारा आणि दुरुस्त करणारा मिस्त्री तर या धंद्याचा कणाच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत होडी बांधणारे, सुतार, गवंडी, लोहार, शिंपी यांचा समावेश आहे. ज्यांना व्याजाचे कर्ज नको असेल त्यांनी किमान प्रशिक्षण आणि अवजारांसाठीची पंधरा हजारांपर्यंतची मदत तरी मागावी.

कारागिरी पाहुण्यासमोर कशी मांडावी, हे सावंतवाडीकडून शिकण्यासारखे आहे. तेथील लाकडी खेळणी आणि लाखकामाचा गंजिफा जवळजवळ संपत आला होता. राजघराण्याने राजवाड्यातच कारागीर बसवले आणि ही कला जगवली. गंजिफा हा इराणकडून आलेला खेळ. मोगली गंजिफ्यात ९६ पाने, दशावतारी गंजिफ्यात १२०. पाहणारा कारागिराच्या हाताकडे पाहतो, कथा ऐकतो आणि मग किंमत देतो. मुरूडच्या बाजारात मात्र बाहेरून आणलेले प्लास्टिकचे शिंपले विकले जातात. जंजिऱ्याच्या होडीची लाकडी प्रतिकृती आपल्याच सुताराने का करू नये?

पूल येण्याआधी

रेवस ते रेड्डी सागरी महामार्गावरील खाड्यांवर पूल बांधण्याचे काम आता पुढे सरकत आहे. आज फेरीबोटीच्या रांगेत थांबलेला माणूस चहा पितो, भजी खातो, मुलांसाठी काही घेतो. पूल झाला की ही रांग संपेल आणि रांगेवर जगणारी दुकानेही संपतील. पुलाला विरोध करणे चुकीचे ठरेल. रुग्णाला आणि विद्यार्थ्याला तो हवाच आहे. मात्र गाडी न थांबता गावावरून निघून जाणार असेल, तर तिला थांबवणारे कारण आजच तयार करावे लागेल.

निसर्गाचा इशाराही आपण विसरू नये. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-मुरूड पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. सुपारीचे झाड पुन्हा फळाला यायला वर्षे जातात. ज्यांच्याकडे बागेबरोबर पाहुण्यांच्या दोन खोल्या होत्या, त्यांना उभे राहायला निदान एक आधार होता.

सुरक्षिततेबद्दल मात्र तडजोड नको. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. भरती-ओहोटीच्या वेळा स्थानिक माणसाला पाठ असतात, पाहुण्याला नसतात. त्या सांगणे, लाइफ जॅकेटशिवाय होडीत पाऊल न ठेवू देणे आणि हंगामाच्या गर्दीतही क्षमतेपेक्षा एक माणूस जास्त न घेणे, ही होडीवाल्याची आणि खोलीवाल्याचीही जबाबदारी आहे. एका फेरीचे जादा पैसे एका जिवापेक्षा मोठे नाहीत.

शेवटी जमिनीचा प्रश्न. किनाऱ्यालगतचे तुकडे विकून आलेला पैसा एका लग्नात आणि एका गाडीत संपतो. नंतर त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या रिसॉर्टच्या फाटकावर मूळ मालकाचा मुलगा पहारेकरी म्हणून उभा असतो. पैशांची अडचण असेल तर मुदतीच्या भाडेकराराने जागा द्यावी, भागीदारी करावी, भावाभावांनी मिळून दोन खोल्या काढाव्यात. पण सातबारा आपल्या नावावर ठेवावा.

पावसाळ्यात होड्या बंद असतात आणि बाजार सुस्त असतो. प्रत्येक गावच्या व्यापाऱ्यांनी, होडीवाल्यांनी आणि कारागिरांनी या दिवसांत एकदा एकत्र बसावे. आपल्या गावात पाहण्यासारख्या पाच जागा कोणत्या, त्या दाखवू शकतील असे दोन तरुण कोणते आणि स्वच्छ खोली देऊ शकतील अशी चार घरे कोणती, एवढी यादी कागदावर काढावी आणि तिच्या प्रती राजपुरीच्या धक्क्यावर, एसटी स्टँडवर आणि प्रत्येक हॉटेलात लावाव्यात. दिवाळीची सुट्टी लागण्यापूर्वी एवढे झाले, तरी येत्या हंगामात फरक दिसेल, अशी आमची खात्री आहे.